आधी बाहेरची वाट

पहाटे 5.30

रेड रॉक कॅन्यनच्या रिकार्डो कॅम्पग्राउंडमध्ये ना वीज, ना नळ जोडायची सोय. तांबड्या कड्यांच्या पायथ्याशी आमचा पंचवीस फुटी ट्रेलर उभा आहे, शेजारी पिकअप. आज कॅलिफोर्नियाच्या 14 नंबरच्या रस्त्याने वर जाऊन 395 धरायचा आणि दिवस मावळायच्या आत जून लेक गाठायचं. सव्वातीनशे किलोमीटर. कारने गेलं तर दुपारच्या जेवणाला पोहोचता येतं. ट्रेलर ओढताना आम्ही या अंतराला अख्खा दिवस देतो. रस्ता मोठा आणि सरळ आहे, त्याचं काही नाही. कस लागतो तो थांबायच्या जागांवर.

मी चालवते. हे शेजारी बसतात आणि गाडी मागे घ्यायची वेळ आली की खाली उतरून मागे उभे राहतात. निवृत्तीनंतर ट्रेलर घेतला तेव्हापासूनची ही वाटणी.

चहा होईपर्यंत नकाशा उघडते. इथे फोनला रेंज नाही, म्हणून वरून काढलेले फोटो कालच मोहावी गावात उतरवून घेतलेत. पेट्रोल पंप निवडताना भाव मी सगळ्यात शेवटी बघते. आधी बघायचं ते आत शिरायला आणि बाहेर पडायला दोन वेगळ्या वाटा आहेत का, पंपांच्या रांगा रस्त्याला समांतर आहेत की आडव्या, आणि टोकाच्या पंपापुढे वळायला किती मोकळं आवार आहे. पिकअप आणि ट्रेलर मिळून पंचेचाळीस फुटांचं लेंढार होतं. ते पुढच्या पुढे बाहेर पडणार नसेल, तर त्या पंपावर पेट्रोल फुकट मिळालं तरी नको.

6.30

हिच जोडायचं, म्हणजे पिकअपला ट्रेलर अडकवायचं काम. ह्यांची यादी आहे आणि ती ते मोठ्याने म्हणतात. मी एकेक गोष्ट हात लावून सांगते. पिकअपच्या बॉलवर ट्रेलरचा कपलर बसला, खटका पडला, पिन घातली. साखळ्या खालून एकमेकींना छेद देऊन अडकवल्या. सात पिनांचा प्लग बसवला. ट्रेलर चुकून सुटलाच तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी तार वेगळी अडकवली. मग जॅक वर, आणि पायऱ्या आत. चाकांखालच्या पाचरी सगळ्यात शेवटी काढायच्या. टायरमधली हवा टायर थंड असतानाच मोजायची.

भरलेल्या ट्रेलरचं वजन 2,700 किलोच्या आसपास आहे. त्यातला 10 ते 15 टक्के भार पुढे बॉलवर यायला हवा. मागच्या बाजूला जड सामान कोंबलं आणि पुढचा भार कमी झाला की महामार्गावर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. म्हणून तांदळाची पिशवी, कुकर आणि पाण्याचे कॅन चाकांच्या जरा पुढे ठेवतो.

निघताना इथली वळणं अरुंद. ट्रेलरची चाकं पिकअपच्या चाकोरीतून येत नाहीत, आतून कापत येतात. त्यामुळे उजवीकडे वळायचं तर मी आधी सरळ पुढे जाते. नाक वळणाच्या पार गेल्यासारखं वाटलं की मग स्टेअरिंग फिरवायचं. उजव्या आरशात ट्रेलरचं चाक आणि कडेचा दगड दोन्ही दिसत राहिले पाहिजेत.

8.15

कोसो जंक्शनचा रेस्ट एरिया. कॅलिफोर्नियात काही ओढत असाल तर वेगमर्यादा 55 मैल, म्हणजे ताशी साधारण 88 किलोमीटर, आणि जायचं उजव्या लेनमधून. बाकीच्या गाड्या 65 ने जातात आणि सारख्या आपल्याला ओलांडत राहतात. जाऊ द्यावं.

इथे ट्रक आणि ट्रेलरसाठी तिरप्या लांब पट्ट्या आखलेल्या असतात. आत शिरलं की समोरूनच बाहेर, मागे घ्यायचा प्रश्नच नाही. पण माझं या जागांबद्दल ठाम मत आहे. आम्हाला इथे वीस मिनिटं पुरतात आणि तेवढीच घ्यावीत. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने ट्रकवाल्याला एका पाळीत अकरा तासच गाडी हाकता येते, आठ तास हाकल्यावर अर्धा तास थांबावंच लागतं. त्याची वेळ संपली आणि जागा मिळाली नाही, तर तो जाणार कुठे? तीन पट्ट्या रिकाम्या असतील तर टोकाची धरावी, मधली धरू नये. पोळीभाजीचा डबा उघडून निवांत बसायला पुढे गावात जागा मिळते.

हे उतरून चाकांच्या मध्यावर हात धरतात. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा तापलेलं लागलं तर बेअरिंग किंवा ब्रेक अडकत असतो. आज चारही सारखी कोमट.

9.40

ओवेन्स लेकच्या कडेने जाताना वारा आडवा लागतो. 1913 साली लॉस एंजेलिसने या खोऱ्यातलं पाणी कालव्याने नेलं आणि पुढच्या काही वर्षांत हे सरोवर कोरडं पडलं. त्यानंतर कित्येक दशकं त्याची धूळ वाऱ्यावर उडत राहिली. आज वारा बेताचा आहे. तरी मी वेग उतरवते आणि दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवते. मोठा ट्रक शेजारून गेला की आधी ट्रेलर बाहेर ढकलला जातो, मग त्याच्याकडे ओढला जातो. त्या क्षणी जोरात काही करायचं नाही.

10.15

लोन पाइन. डाव्या हाताला माउंट व्हिटनी, 14,505 फूट, आणि गावातला मुख्य रस्ता म्हणजे 395 च. सकाळी नकाशात हेरलेला पंप आला. हे म्हणाले, "टोकाचा रिकामाय." मी रस्त्याच्या कडेला थांबले आणि बघत राहिले. टोकाचा पंप रिकामा होता खरा, पण त्याच्यापुढे बाहेर पडायच्या वाटेत एक व्हॅन आडवी लावून कोणीतरी दुकानात गेलं होतं. आत गेले असते तर पेट्रोल भरून त्या व्हॅनच्या मालकाची वाट बघत बसावं लागलं असतं, आणि तोवर मागे चार गाड्या लागल्या असत्या. चार गाड्या मागे असताना ट्रेलर मागे घेता येत नाही. तेव्हा रस्त्यावरच थांबलेलं बरं. पाचेक मिनिटांत व्हॅन गेली.

आता शिरायचं. त्याआधी हे उतरून ट्रेलरच्या गॅसच्या टाक्या बंद करतात, कारण फ्रिज गॅसवर चालतो आणि पंपाजवळ ज्योत पेटती नको. छताची उंची मी पाटीवर वाचते. आमचा ट्रेलर वरच्या एसीसकट अकरा फुटांच्या आत आहे, त्यामुळे पंपाचं छप्पर बहुधा सुटतं. खरी भीती पंपाशेजारी जमिनीत रोवलेल्या पिवळ्या खांबांची. पिकअप त्यांच्या बाजूने सुखरूप निघून जातो आणि मागून आतल्या अंगाने येणारं ट्रेलरचं चाक नेमकं त्यांच्यावर येतं. म्हणून मी पंपापासून हातभर जास्त अंतर ठेवून सरळ रेषेत शिरते. नळी ताणली की पोहोचते.

बाहेर पडताना दुसरी गोष्ट. ट्रेलरच्या चाकांमागे आठ-नऊ फूट धड बाहेर असतं. मी डावीकडे वळले की ते मागचं टोक उजवीकडे फेकलं जातं. पंप उजव्या हाताला असला तर थेट त्याच्यावर. चालवणाऱ्याचं सगळं लक्ष पुढे रस्त्यावर असतं आणि घात मागे होतो. म्हणून ट्रेलरचा मागचा बंपर पंपाच्या पार होईपर्यंत स्टेअरिंग सरळ. हे बाहेर उभे राहून बघतात, आणि टोक सुटलं की हात वर करतात. मग वळायचं.

ट्रेलर विकणारे पलंग दाखवतात, टीव्ही दाखवतात, छत बाहेर कसं सरकतं ते दाखवतात. मागचं टोक किती फिरतं हे मात्र कुणी सांगत नाही. विकत घेण्याआधी तेच विचारावं आणि रिकाम्या मैदानात फिरवून बघावं.

11.30

मांझनार. दुसऱ्या महायुद्धात, 1942 ते 1945, दहा हजारांहून जास्त जपानी वंशाच्या लोकांना इथे काटेरी तारेआड ठेवलं होतं. त्यातले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक. आवार मोठं आहे, ट्रेलर लांब जागेत सरळ उभा राहतो. आतल्या कच्च्या रस्त्यावर तो नेत नाही, पायी फिरतो. या रस्त्याने जाताना इथे न थांबता पुढे जाणं मला जमत नाही.

दुपारी 1.00

बिशप. शॅट्सच्या बेकरीचा वास रस्त्यापर्यंत येतो आणि तिच्यासमोर थांबायचा मोह सगळ्यांनाच होतो. तिथली गर्दी बघूनच मी पुढे जाते. आडव्या गल्लीत, कोपऱ्यापासून दूर, लांब रिकामी कड मिळाली. ट्रेलर रस्त्याकडेला लावताना समोर दोन गाड्यांची जागा मोकळी सोडायची. कोणी पुढे येऊन लावलं तर एकच गाडी लावेल आणि आपल्याला तोंड बाहेर काढायला वाव राहील. हे ब्रेड आणायला चालत गेले. मी भाकरी, पिठलं आणि ठेचा काढून जेवायला बसले.

2.15

शेरविन ग्रेड. बिशप 4,150 फुटांवर, आणि हा चढ सात हजारांवर नेऊन सोडतो. खालचा गिअर, उजवी लेन, इंजिनच्या तापमानावर नजर. त्याहून जास्त लिहिण्यासारखं इथे काही नाही.

3.40

डेडमन समिट ओलांडून जून लेककडे वळलो. ओह रिज कॅम्पग्राउंडवरून खाली निळं पाणी आणि मागे डोंगर. आमची जागा आतल्या गोल रस्त्यावर, मागे घेऊन लावायची. जुन्या सरकारी कॅम्पग्राउंडची आखणी छोट्या ट्रेलरच्या काळातली असते. रस्ता अरुंद, कडेला पाइनची झाडं आणि समोर दुसऱ्याचं टेबल.

आधी जागेवरून पुढे जायचं, थांबायचं, आणि दोघांनी उतरून बघायचं. जमिनीवर दगड कुठे आहे, वर फांदी किती खाली आली आहे, पाण्याचा नळ कुठे आहे. मागचा कॅमेरा आमच्याकडेही आहे. तो जमीन दाखवतो, पण एसीवर येणारी फांदी दाखवत नाही.

ह्यांचं बालपण शिरोळ तालुक्यातलं. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरची ट्रॉली शेताच्या बांधावरून मागे घेताना त्यांनी लहानपणापासून बघितली, पुढे स्वतः घेतली. मला शिकवताना त्यांनी एकच सांगितलं: "हात स्टेअरिंगच्या तळाशी धर. ट्रेलरचं बूड जिकडे न्यायचं, तिकडे हात ने." वरून धरलं की सगळं उलटं होतं, खालून धरलं की सुलटं. पण ट्रेलर वळायला लागला की लगेच उलट फिरवून त्याच्या मागे जायचं, नाहीतर पिकअप आणि ट्रेलर कात्रीत येतात आणि कोपरा बंपरला भिडतो.

'डावीकडे-उजवीकडे' हे शब्द आम्ही वापरत नाही. कुणाचं डावं? स्टेअरिंगचं की ट्रेलरच्या बुडाचं? आम्ही म्हणतो 'तुझ्या बाजूला' आणि 'माझ्या बाजूला'. तुझी म्हणजे चालवणाऱ्याची, माझी म्हणजे शेजारच्या सीटची. आणि बोलायचं ते फक्त ट्रेलरच्या मागच्या टोकाबद्दल.

फोन स्पीकरवर. "येऊ दे... येऊ दे... तुझ्या बाजूला जरा... हां, आता सरळ कर."

"अहो, दिसत नाही तुम्ही मला."

थांबले. आरशात ते दिसेनासे झाले की ब्रेक, ही आमची अट. पाइनच्या आडून ते बाहेर आले. "पुढे घे थोडी. कोन फार झाला." पुढे घेऊन ट्रेलर सरळ केला आणि पुन्हा मागे. पुढे घेणं म्हणजे हरणं नव्हे. ज्याला ते कमीपणाचं वाटतं त्याचाच कोपरा झाडाला घासतो.

"येऊ दे... माझ्या बाजूला... माझ्या बाजूला... बस! थांब."

पाचरी लागल्या. मग साखळ्या, प्लग, आणि शेवटी कपलर.

6.00

पलीकडच्या जागेसमोर भाड्याचा ट्रेलर घेऊन एक तरुण जोडपं आलं. तो आत, ती मागे, दोघांचेही आवाज चढलेले. ती हात हलवत होती, पण उभी होती ट्रेलरच्या बरोब्बर मागे, जिथे ती त्याला दिसूच शकत नव्हती. शेजारी खुर्च्या टाकून चार जण बघत बसले होते. असं पाहवत नाही. मी त्याच्या खिडकीशी गेले आणि मदत हवी का विचारलं. तो हो म्हणाला.

"आधी गाडी बंद करून उतर," मी म्हटलं. "आणि जागा बघून ये."

ह्यांनी तिला चालवणाऱ्याच्या आरशाच्या रेषेत, पंधरा फूट मागे उभं केलं आणि दोन्ही हातांच्या खुणा दाखवल्या. मी त्याचा हात स्टेअरिंगच्या तळाशी ठेवायला लावला. सुरुवातीला ट्रेलर भलतीकडे गेला. त्याला पुढे घ्यायला सांगितलं. मग हळूहळू बूड जागेच्या तोंडाशी आलं, सरळ झालं, आणि मागची चाकं खडीवर चढल्याचा आवाज आला. तिने हात वर केला, तो थांबला.

तो उतरून लगेच कपलरकडे गेला. त्याच्या हातात जॅकचा दांडा होता आणि जागेला पाण्याकडे चांगलाच उतार होता.

"थांब," हे म्हणाले. "आधी पाचरी लाव. दोन्ही बाजूंना. मग हिच सोड."