पाणी किती वाजता गेले?



आमच्या औशातील नववीत शिकणारी एक मुलगी मला विचारू लागली, "सर, ताईला दवाखान्यात नेलं तर नर्सबाईंनी सगळ्यांत आधी 'पाणी किती वाजता गेलं?' असंच का विचारलं?"

तिची ताई पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. कळा सुरू होण्यापूर्वीच तिची पाणमोट फुटली. पण वेळ कोणीच पाहिली नव्हती. आजी म्हणाली, "सकाळी म्हशीची धार काढतानाच थोडं थोडं पाणी चाललं होतं." आई म्हणाली, "नाही, दुपारच्या भाकरी झाल्यावर." दोघींच्या सांगण्यात सहा तासांचा फरक! मी पदार्थविज्ञानाचा शिक्षक, वैद्य नव्हे. परंतु मुलीचा प्रश्न काळाच्या मापनाचा होता, म्हणून त्याचे उत्तर येथे देत आहे.

आईच्या पोटात बाळ एका पिशवीत वाढते. हीच पाणमोट. तिचे अस्तर दुपदरी असते आणि त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी भरते. दिवस भरत आले की आत पाऊण लिटरच्या आसपास गर्भजल असते. बाळ त्यात तरंगते, ते गिळते, आणि श्वासाची हालचाल करताना फुप्फुसांतही घेते. या पिशवीच्या खाली गर्भाशयाच्या तोंडाशी चिकट द्रवाचे एक बूचही असते. जन्ममार्गात नेहमीच अनेक प्रकारचे जंतू राहतात. आईला त्यांचा उपद्रव नसतो. पातळ पडदा आणि बूच शाबूत असेपर्यंत ते सहसा बाळापर्यंत पोहोचत नाहीत.

पडदा फाटला की वाट मोकळी होते. ई. कोलाय, ब गटाचे स्ट्रेप्टोकोकस असे जंतू वर चढू शकतात. हातांनी वारंवार आतून तपासणी केली, तर ते अधिकच वर ढकलले जातात. गर्भजलात जंतू शिरले की बाळ तेच गिळते आणि तेच फुप्फुसांत ओढते.

आता थोडे गणित करू. जंतू एकाचे दोन, दोनाचे चार असे वाढतात. पोषक द्रवात ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. आपण सोयीसाठी तासाला एकदाच दुप्पट धरू. एका जंतूपासून सहा तासांत 64 होतील. बारा तासांत 4,096. अठरा तासांत 2,62,144. आणि चोवीस तासांत 1 कोटी 67 लाखांहून अधिक! पहिल्या सहा तासांत संख्या फार वाढली असे वाटत नाही, पण शेवटच्या सहा तासांत कोटीची मजल गाठली जाते. धार काढण्याची वेळ की भाकरीची, हा प्रश्न किती मोलाचा होता हे आता ध्यानात येईल.

अर्थात हे केवळ कागदावरचे गणित आहे. गर्भजलात जंतुनाशक द्रव्ये असतात, आणि आईच्या रक्तातील प्रतिपिंडे वारेतून बाळाला मिळालेली असतात. म्हणून बहुतेक बाळे सुखरूप जन्मतात. ब्रिटनमधील वैद्यकीय मार्गदर्शनानुसार, पूर्ण दिवसांच्या गरोदरपणात कळांआधी पाणमोट फुटल्यास शंभरात सुमारे एका बाळाला गंभीर संसर्ग होतो. ती शाबूत असता दोनशेत एकाला. प्रतिपिंडे मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत मिळतात, त्यामुळे अपुऱ्या दिवसांच्या बाळाला धोका अधिक. अठरा तास उलटले की डॉक्टर अधिक सावध होतात, आईला प्रतिजैविक औषध देण्याचा विचार करतात आणि जन्मानंतर बाळावर लक्ष ठेवतात. मात्र अठरा तास ही लक्ष्मणरेषा नव्हे. धोका हळूहळू चढत जातो.

संसर्ग झालेल्या नवजात बाळाला ताप येईलच असे नाही. उलट त्याचे अंग गार पडू शकते. ते दूध ओढेनासे होते, रडणे क्षीण होते, ते सुस्त पडते, श्वास जलद होतो, छाती आत ओढली जाते. ही लक्षणे ओळखायला मोठे यंत्र लागत नाही. याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रात मिळाला. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांतील स्त्रियांना नवजात बाळांची तपासणी शिकवली. घड्याळ लावून श्वास मोजणे, तापमापीने ताप पाहणे आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसताच औषध देणे ही कामे त्या घरोघरी जाऊन करू लागल्या. पूर्वी तेथे जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी 62 बाळे पहिल्या महिन्यातच दगावत. 1997-98 मध्ये हा आकडा सुमारे 25 वर आला. तुलनेसाठी निवडलेल्या 47 गावांत अशी घट दिसली नाही. डिसेंबर 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झाले. पुढे 2011 पासून भारत सरकारने घरी येऊन नवजात बाळ तपासण्याचे काम देशभरातील आशा कार्यकर्त्यांकडे सोपवले.

त्या ताईचे बाळ दोन दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली होते. आता ते छान हातपाय हलवते आहे. परंतु "कळा येऊ द्या, मग बघू" असे म्हणत अनेक घरांत अजूनही वाट पाहिली जाते. पाणी जाऊ लागले, मग ते धारेने असो की थेंबथेंब, तर कळांची वाट न पाहता दवाखाना गाठावा. वाहन नसेल तर 108 क्रमांकावर फोन करावा. पाण्याचा रंग हिरवट असल्यास तेही सांगावे.

तुमच्या घरी असा प्रसंग आला, तर मोठ्यांची धावपळ चालू असताना एक काम तुम्ही करा. भिंतीवरचे घड्याळ पाहा, वेळ कागदावर लिहा आणि तो कागद आईच्या हाती द्या. दवाखान्यात पहिला प्रश्न तोच विचारला जाईल.