घाटात ट्रक बंद पडला? डिझेल आहे, पण ‘एअर’ घेतली असेल!

महाडहून नातेमार्गे पाचाडचा चढ असो, वरंध घाट असो की पोलादपूरचा आंबेनळी घाट. उन्हाळ्यात भरलेला जुना ट्रक अचानक गचके देतो आणि बंद पडतो. टाकीत डिझेल असतं. मग बिघडतं काय?

वाफ की हवा?
जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत तापलेल्या पाइपमध्ये पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो. हा ‘व्हेपर लॉक’. पेट्रोल साधारण ३५ अंशांपासून उकळू लागतं, डिझेलला दीडशेहून जास्त अंश लागतात. म्हणून डिझेल ट्रकमध्ये वाफ नाही, हवा अडकते.

कसं ओळखाल?
थंड झाल्यावर पेट्रोल गाडी आपोआप सुरू झाली, तर वाफेचा संशय घ्या. डिझेल फिल्टरच्या ब्लीड स्क्रूमधून बुडबुडे आले, तर एअर नक्की.

काय कराल?
- आधी हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा.
- डिझेल: ब्लीड स्क्रू सैल करून हातपंप मारा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू आवळा.
- पेट्रोल: बॉनेट उघडून थांबा, पंपावर ओलं फडकं ठेवा.
- पुन्हा एअर घेतली, तर टाकी ते पंप हा पाइप, त्याचे जोड आणि वॉशर तपासा. इथे डिझेल गळताना दिसत नाही. पंप बाहेरची हवा आत ओढतो.

सावधान!
कॉमन रेल इंजिनाचे इंजेक्टर पाइप रस्त्यात सैल करू नका. तिथला दाब जीवघेणा असतो.