कपाटावरचा राऊटर

वायफाय जोडणारा माणूस येतो, वायर जिथून आत येते तिथेच राऊटर ठेवतो आणि जातो. मग तो वर्षानुवर्षं लोखंडी कपाटावर, जुन्या डब्यांच्या आडोशाला धूळ खात बसतो. आतल्या खोलीत व्हिडिओ अडकला की बोल मात्र कंपनीला.

राऊटर बहुधा दोन पट्ट्यांवर बोलतो: २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्याचा वेग कमी, पण भिंती ओलांडायची ताकद जास्त. दुसरा वेगवान, पण दोन भिंतींतच दमणारा. पत्रा या लहरी परतवतो, पाणी त्या शोषतं. तेव्हा राऊटरशेजारी माशांची काचपेटीही नको.

गंमत मायक्रोवेव्हची. तोही साधारण २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो. त्याच्या दारातून निसटणाऱ्या किंचित लहरी माणसाला बाधत नाहीत, पण वायफायच्या क्षीण संदेशापुढे तो कलकलाटच. रात्रीची भाजी गरम होईस्तोवर व्हिडिओ कॉल अडखळतो, तो बऱ्याचदा यामुळे. फोन ५ गिगाहर्ट्झवर घेतला की ही कटकट मिटते.

मोठ्या इमारतीत शेजाऱ्यांचे राऊटरही एकमेकांवर ओरडत असतात. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच धरतात: १, ६ आणि ११. आणि राऊटर घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीला, उघड्यावर टांगावा. त्यासाठी चार-पाच मीटर जादा वायर ओढावी लागली तरी.