अमोनियाची ज्योत

मुलांनो, सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाच्या खालच्या टोकाला हात लावून पाहा. ते गरम लागेल. हवा दाबली की ती तापते. याच साध्या गोष्टीवर डिझेल इंजिन चालते.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली असे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले. या इंजिनात ठिणगी लागत नाही. दट्ट्या नळकांड्यातील हवा खूप दाबतो. तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. मग तिच्यात डिझेलचा बारीक फवारा सोडतात आणि तो आपोआप पेट घेतो.

पण या फवाऱ्याच्या आत काय घडते? १९९७ साली अमेरिकेतील जॉन डेक या संशोधकाने लेसर किरणांच्या साहाय्याने केलेल्या निरीक्षणांवरून त्याचे चित्र मांडले. फवाऱ्याच्या मधल्या भागात हवा कमी पडते. तेथे काजळी तयार होते. कडेला ज्योत अतिशय तापते. तेथे हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग होऊन घातक वायू बनतात.

इंजिन सुधारून काजळी कमी करता येते. पण डिझेलमध्ये कार्बन असतोच. ते जळले की कार्बन डायऑक्साइड निघतो आणि त्यामुळे पृथ्वी तापते. म्हणून शास्त्रज्ञ आता मोठ्या जहाजांसाठी अमोनियाचा विचार करत आहेत.

अमोनिया तुम्हांला नवा नाही. खते तयार करण्यासाठी आणि बर्फाच्या कारखान्यांत तो वापरतात. त्यात नायट्रोजन व हायड्रोजन असतात, कार्बन मुळीच नसतो. दुसऱ्या महायुद्धात बेल्जियममध्ये डिझेलची टंचाई झाली, तेव्हा काही बसगाड्या अमोनिया व कोळशाचा वायू यांवर चालवल्या होत्या.

मग अडचण कोणती? डिझेल २०० अंशांच्या थोडे वर आपोआप पेटते, अमोनियाला मात्र सुमारे ६५० अंश लागतात. शिवाय त्याची ज्योत फार मंद असते. स्वयंपाकाच्या गॅसची ज्योत हवेत सेकंदाला सुमारे ४० सेंटिमीटर पुढे सरकते, तर अमोनियाची फक्त ७ सेंटिमीटर! यावर दोन उपाय आहेत. आधी थोडे डिझेल पेटवून त्या ज्योतीने अमोनिया पेटवता येतो. किंवा थोड्या अमोनियाचे विघटन करून हायड्रोजन मिळवतात आणि तो उरलेल्या अमोनियात मिसळतात. त्यामुळे ज्योतीचा वेग वाढतो.

तरीही सावध राहावे लागते. न जळलेला अमोनिया विषारी असतो. ज्वलन नीट झाले नाही तर नायट्रस ऑक्साइडही बाहेर पडतो. पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट प्रभावी आहे. म्हणजे तो थोडाही निसटला तर सारा फायदा वाया जाईल.

आणखी एक गोष्ट विसरू नका. आज बहुतेक अमोनिया नैसर्गिक वायू व कोळसा यांपासून बनतो. त्या कारखान्यांतूनही कार्बन डायऑक्साइड निघतोच. वारा किंवा सूर्य यांपासून मिळालेल्या विजेने पाण्यातील हायड्रोजन वेगळा करून अमोनिया बनवला, तरच हे इंधन खरोखर स्वच्छ ठरेल. म्हणून इंधन कसे जळते याबरोबर ते कसे तयार झाले, हेही विचारायला हवे.