लुईझियानाच्या दोन चुली

अमेरिकेच्या दक्षिणेला, मिसिसिपी नदी समुद्राला मिळते तिथे लुईझियाना राज्य आहे. तिथलं क्रिओल आणि केजन जेवण बाहेर सर्रास एकच समजलं जातं. ‘केजन मसाला’ लिहिलेली लाल पूड आपल्याकडेही मिळू लागल्यापासून तर झणझणीत ते केजन, असाच समज झाला आहे. पण या दोन स्वयंपाकांतला फरक तिखटाचा नाही. कोणाच्या हाताशी काय होतं, याचा आहे.

क्रिओल स्वयंपाक न्यू ऑर्लिन्स शहराचा. फ्रेंचांनी १७१८मध्ये वसवलेलं हे बंदर पुढे काही दशकं स्पेनकडे होतं आणि १८०३मध्ये अमेरिकेकडे आलं. बंदर असल्यामुळे लोणी, वाइन, टोमॅटो, कालवं, खेकडे सगळं बाजारात हजर. सधन घरांतल्या चुली मात्र सांभाळल्या त्या गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन स्त्री-पुरुषांनी. भेंडी आणि भातशेतीची जाण त्यांच्याबरोबरच आली.

केजन लोक मूळचे आजच्या कॅनडातल्या अकेडिया प्रांतातले फ्रेंच शेतकरी. ब्रिटिशांनी १७५५पासून त्यांना तिथून हुसकावलं. भटकत भटकत त्यातले बरेच जण लुईझियानाच्या पाणथळ खाड्यांकाठी आणि गवताळ माळांवर स्थिरावले. दारी डुकरं-कोंबड्या, पाण्यात क्रॉफिश, रानात शिकार. जे मिळेल ते एकाच मोठ्या भांड्यात शिजायचं. हिवाळ्यात डुक्कर कापलं की अख्खी वस्ती जमायची. त्यातूनच धुरावलेलं आन्दुई सॉसेज आणि भात भरलेलं बुदँ आलं.

फरक नीट कळतो तो गंबो या रश्श्यात. कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची हे त्रिकूट दोन्हीकडे समान. वेगळेपण सुरू होतं ते ‘रू’पासून, म्हणजे तेला-लोण्यात मैदा परतण्यापासून. लाडवाचं बेसन भाजताना हात थांबवता येत नाही, तसंच इथेही. केजन घरात तेल किंवा चरबीत हा मैदा चॉकलेटच्या रंगावर येईपर्यंत, कधी तासभरही, मंद आचेवर ढवळतात. काळे ठिपके दिसले तर सगळं टाकून पुन्हा सुरुवात. मैदा जितका गडद, तितकी चव खोल. पण रस्सा दाट करण्याची त्याची ताकद तितकीच कमी. या गंबोत बहुधा कोंबडी आणि आन्दुई. शहरी क्रिओल गंबोत कोळंबी, खेकडे, भेंडी, पुष्कळदा टोमॅटोही. रू बहुधा फिकट. जंबालाया या भाताच्या पदार्थाचंही तसंच: क्रिओल टोमॅटोमुळे लाल, केजन भांड्याच्या तळाशी परतलेल्या मांसामुळे तपकिरी.

या सीमा अर्थातच पक्क्या नाहीत. ओपेलुसासचे केजन शेफ पॉल प्रुडॉम यांनी १९७९मध्ये न्यू ऑर्लिन्समध्येच ‘के-पॉल्स’ हे रेस्तराँ काढलं. मसाला लावून तापलेल्या बिडाच्या तव्यावर काळा केलेला त्यांचा ‘रेडफिश’ इतका गाजला की त्या माशाच्या व्यापारी मासेमारीवर निर्बंध आले. हा जुना घरगुती पदार्थ नव्हता, तरी जगाच्या मनातलं झणझणीत केजन जेवण बरंचसं त्यातूनच रुजलं. दुसरीकडे कृष्णवर्णीय क्रिओल परंपरेतल्या लीआ चेस यांच्या ‘डूकी चेस’ रेस्तराँमध्ये १९६०च्या दशकात नागरी हक्क चळवळीचे कार्यकर्ते गंबो खात पुढची आखणी करत.

या दोन्ही चुलींचं श्रेय लगेच फ्रेंचांना दिलं जातं. ते अर्धंच खरं आहे. भेंडी, भात आणि रश्श्याचं वळण पश्चिम आफ्रिकेचं, गंबो दाट करणारी ससाफ्रासच्या पानांची पूड चोक्टॉ आदिवासींची. लुईझियानाच्या जेवणाची वाखाणणी करताना त्यांची नावं आधी घ्यायला हवीत.