नव्या संगणकाला अँटिव्हायरस कोणता घ्यावा?



कापसाचे किंवा मिरचीचे पैसे हाती आले, की हल्ली मुलामुलींच्या शिक्षणासाठी घरात संगणक येतो. बिल करता करता दुकानदार विचारतो, "अँटिव्हायरस कोणता टाकू?" आणि औषधांच्या दुकानात म्हणतो तसेच आपण म्हणून मोकळे होतो, "द्या तुम्हीच चांगला बघून."

शहादा-तळोद्याकडच्या पपईवाल्यांना विषाणू समजावून सांगायला नको. रिंगस्पॉट एकदा झाडात शिरला, की कोणत्याही फवारणीने झाड बरे होत नाही. म्हणून आपण मावा आवरतो, रोगट झाड उपटतो, रोपे निरोगी आणतो. संगणकातला विषाणू सजीव नसतो, तो कुणीतरी लिहिलेला खोडसाळ प्रोग्राम असतो. पण वागणूक तीच. पेनड्राइव्हवरून, ईमेलला जोडलेल्या फाइलमधून, फुकट मिळणाऱ्या चोरीच्या सॉफ्टवेअरमधून तो येतो. अँटिव्हायरस त्याला दारात अडवतो. आत शिरून केलेली नासाडी मात्र दर वेळी भरून निघत नाही.

हे मी अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी मराठी टायपिंगचे एक सॉफ्टवेअर मी फुकटात उतरवून घेतले. 'बसवण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करा' अशी त्यात सूचना होती. बी.एस्सी. झालेला मी शहाणा, मुकाट्याने बंद केला! संध्याकाळपर्यंत एकही फाइल उघडेना आणि पडद्यावर डॉलरमध्ये खंडणी मागणारी चिठ्ठी. अशा विषाणूला रॅन्समवेअर म्हणतात. प्रात्यक्षिक प्लॉटचे फोटो गेले, आईचे शेवटच्या दिवाळीचे फोटोही गेले. पावसाच्या नोंदी तेवढ्या वाचल्या, कारण त्या वहीत होत्या.

आपल्याच जिल्ह्यातील टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. आज सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्ती, बँक, सारे संगणकावर आले आहे. तेव्हा नुकसान फोटोंपुरते राहत नाही.

आता निवडीकडे येऊ. अस्सल विंडोज १० किंवा ११ मध्ये डिफेंडर नावाचा अँटिव्हायरस मुळातच असतो, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. शोधपट्टीत 'विंडोज सिक्युरिटी' लिहून उघडा. हिरवी खूण दिसली म्हणजे तो जागा आहे. घरच्या साध्या वापराला तो पुरतो, असे माझे मत आहे. मात्र विंडोज १० ची नियमित मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाली. म्हणून नवीन घेताना ११ च घ्या आणि बिलावर विंडोजचा उल्लेख मागा. चोरीचे विंडोज म्हणजे बनावट बियाण्याची पिशवी. तिच्यावर कितीही महाग औषध मारले तरी काय उपयोग?

विकतचा घेऊच नये असे नाही. धडगाव-अक्कलकुव्याकडे डोंगरात नेटवर्क लागत नाही, आणि इंटरनेट नसताना डिफेंडरची पकड कमी होते, असे ऑस्ट्रियातील एव्ही-कम्पॅरेटिव्ज या संस्थेच्या चाचण्यांत दिसले आहे. घरातच झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचा धंदा असेल, दिवसभर लोकांचे पेनड्राइव्ह लागत असतील, तर विकतचा घ्यावा. पुण्याचा क्विक हील आपल्याला ठाऊक आहे. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत; धाकटे बंधू संजय संगणक शिकले आणि १९९० च्या दशकात दोघांनी तो उभा केला. २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. चेन्नईचा के-सेव्हनही देशीच. नाव कोणतेही असो, सीलबंद खोके, पक्के बिल आणि मुदतीची तारीख पाहून घ्या.

दोन अँटिव्हायरस एकत्र टाकू नका. ते एकमेकांशीच भांडतात आणि संगणक बैलगाडीसारखा चालतो. नव्या संगणकात पुष्कळदा काही दिवसांचा चाचणीचा अँटिव्हायरस आधीच घातलेला असतो. मुदत संपल्यावर तो विकत घ्यायचा नसेल तर काढून टाका, म्हणजे डिफेंडर पुन्हा कामाला लागेल.

आणि अपडेट आले की "नंतर" म्हणू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने दीडशेवर देशांत धुमाकूळ घातला. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. पैशाची फसवणूक झालीच, तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवा.

एवढे करूनही निरोगी बियाणे वेगळे राखून ठेवावेच लागते. आमच्या घरी आता महिन्याच्या पहिल्या रविवारी मुलगा सगळ्या फाइलींची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर काढतो. काम झाले की डिस्क लगेच सोडवतो, कारण जोडलेलीच राहिली तर विषाणू तिलाही खातो. मग आमच्या सौ. ती बिस्किटांच्या डब्यात घालून, जमिनीच्या कागदांशेजारी, कपाटात कुलूपबंद करतात.