भांगेचे दुकान आणि गांजाचा खटला

उज्जैनला महाकालाच्या दर्शनाला गेलेल्यांनी भांगेचे दुकान पाहिलेच असेल. दुकान सरकारी परवान्याचे, पाटी लावलेली, व्यवहार उघड. त्याच झाडाचा शेंडा मात्र कुणाच्या खिशात सापडला तर पोलीस केस होते. ‘अमली पदार्थ कायदेशीर करावेत का?’ हा वाद टीव्हीवर सुरू झाला की मला आधी ही भांगच आठवते, कारण एकाच झाडाला आपण दोन कायदे लावून बसलो आहोत.

याचे मूळ 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. त्यात गांजा-चरसावर बंदी आली, पण नुसती पाने आणि बिया व्याख्येतून वगळल्या गेल्या. भारताने 1985 मध्ये एनडीपीएस कायदा केला तेव्हा हीच व्याख्या घेतली. फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा, राळ म्हणजे चरस, आणि ही दोन्ही गुन्ह्यात मोडतात. पानांची भांग राज्यांच्या अबकारी खात्याकडे राहिली.

आपल्या भोपाळमध्येही हा वाद एकदा चांगलाच तापला होता. नोव्हेंबर 2019 मध्ये कमलनाथ सरकारचे मंत्री पी. सी. शर्मा यांनी औषध आणि कापड-धाग्यासाठी भांगेच्या झाडाच्या लागवडीला परवानगी देण्याचा विचार जाहीर केला. तरुण पिढी व्यसनाला लागेल अशी टीका भाजपने केली. मार्च 2020 मध्ये ते सरकार गेले आणि विषय मागे पडला. खरे तर औद्योगिक कामासाठी लागवडीला परवानगी देण्याचा अधिकार कायद्यात आधीपासूनच आहे आणि उत्तराखंडने ती त्याआधीच दिली होती. पण चर्चा अशी झाली, जणू न्यू मार्केटमध्ये गांजाची दुकाने लागणार होती.

बँकेत कर्जाचा अर्ज आला की आम्ही आधी विचारायचो, पैसे नेमके कशासाठी हवेत? इथेही तसेच विचारावे लागते. कुणी लागवड मागतो, कुणी म्हणतो सेवन करणाऱ्याला तुरुंगात टाकू नका, कुणाला खुली विक्री हवी असते. पोर्तुगालचे उदाहरण सगळेच देतात, पण तिथे 2001 पासून फक्त स्वतःपुरता साठा बाळगणे फौजदारी गुन्हा राहिलेले नाही. विक्री अजूनही गुन्हाच आहे. कॅनडाने 2018 मध्ये गांजाची विक्रीच कायदेशीर केली. या दोन देशांना एका ओळीत बसवणारा वक्ता मला गृहपाठ न करता आलेला वाटतो.

लागवडीचा अनुभव आपल्या राज्याला मोठा आहे. शिंदे-होळकरांच्या माळव्यातली अफू एकोणिसाव्या शतकात मुंबईमार्गे चीनला जात असे. आज मंदसौर-नीमच भागातला शेतकरी केंद्राच्या नार्कोटिक्स खात्याकडून पट्टा घेऊन अफू पिकवतो. बोंडाला चिरा देऊन निघालेला चीक सगळाच्या सगळा सरकारला द्यावा लागतो, आणि नीमचच्या सरकारी कारखान्यात त्यापासून औषधी द्रव्ये तयार होतात. कर्करोगाच्या रुग्णाची वेदना ज्या मॉर्फिनने थांबते ते अफूतूनच निघते. एवढा पहारा असूनही तस्करी थांबलेली नाही. म्हणजे परवाना पद्धत चालते, पण गळतीसकट चालते.

खुल्या विक्रीच्या बाजूने महसुलाचा मुद्दा मांडला जातो. मला तो पटत नाही. एम्सच्या 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशात दारू पिणारे सुमारे 16 कोटी आढळले, आणि भांग-गांजा-चरस मिळून सुमारे 3.1 कोटी. जे दुकानात मिळते त्याचा आकडा कितीतरी मोठा आहे. केवळ कायद्यामुळे हा फरक पडला असे मी म्हणणार नाही, पण महसुलाच्या रकान्याशेजारी खर्चाचा रकानाही मांडावा लागतो. विरुद्ध बाजूचा एक युक्तिवाद मात्र वजनदार आहे. पतियाळाचे खासदार धर्मवीर गांधी सांगत आले आहेत की अफू-भुक्कीसारखी पारंपरिक नशा बंद केली की माणूस हेरॉईन आणि रसायनांकडे वळतो. ऑक्टोबर 2024 मध्ये भोपाळजवळच्या बगरोदा औद्योगिक क्षेत्रात एमडी, म्हणजे मेफेड्रोन, बनवणारा कारखाना पकडला गेला. मालाची किंमत 1,814 कोटी रुपये सांगण्यात आली. याला ना शेत लागते ना पाऊस.

आपल्या घरांशी सर्वांत जवळचा प्रश्न सेवन करणाऱ्याचा आहे. कायद्याने प्रमाण ठरवले आहे: गांजा एक किलोपर्यंत अल्प, 20 किलोपासून व्यापारी, एमडीसाठी हेच आकडे दोन ग्रॅम आणि 50 ग्रॅम. व्यापारी प्रमाणाला 10 ते 20 वर्षे सक्तमजुरी आहे, आणि तिथे दयामाया नको. पण नुसत्या सेवनालाही सहा महिने ते एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. ‘केस होईल’ या धास्तीने, आणि त्याहून जास्त ‘लोक काय म्हणतील’ म्हणून, आईवडील मुलाचे व्यसन दडवून ठेवतात. उपचाराची वेळ त्यातच निघून जाते.

याच कायद्यात कलम 64-अ आहे आणि ते फार थोड्यांना ठाऊक असते. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचाराला तयार झाली आणि तिने ते घेतले, तर तिच्यावर त्याबद्दल खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते. सेवन हा गुन्हाच राहू नये, अशी सूचना 2021 मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने केल्याच्या बातम्या होत्या; कायदा अजून तसा बदललेला नाही. माझे मत त्या सूचनेच्या बाजूने आहे. तोवर व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन 14446 घरात लिहून ठेवावी. फोन करायला पैसे पडत नाहीत.